समुद्र खासगी नसतो

दिवाळी आली की सुरतेचे यंत्रमाग थांबतात, कापडबाजारांची दारे मिटतात आणि शहराच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांतून प्रवाशांनी भरलेल्या गाड्या बाहेर पडू लागतात. या भागांत मराठी माणसांची वस्ती मोठी आहे, आणि तीत अधिक भरणा खानदेशातून गेलेल्यांचा आहे. तापी ज्या खोऱ्यातून वाहत सुरतेस पोहोचली, त्याच खोऱ्यातील रेल्वेने भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडची ही कुटुंबे पोटापाण्यासाठी तेथे गेली, स्थिरावली आणि आता त्यांची दुसरी-तिसरी पिढी तेथे नांदते आहे. वर्षभर मागाच्या खडखडाटात राबणाऱ्या या माणसांपैकी अनेकजण सुटीत गावी जातात. पण ज्यांच्या गाठीस चार पैसे जमले आहेत, ते अलीकडे मुलाबाळांसह दक्षिणेची वाट धरतात. त्यांना कोकण पाहावयाचे असते, गोवा पाहावयाचा असतो आणि मालवणला जाऊन शिवछत्रपतींचा सिंधुदुर्ग डोळे भरून पाहावयाचा असतो.

या पाहुण्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु स्वागत म्हणजे केवळ सोलकढीची वाटी आणि राहावयास खोली एवढेच नव्हे. पाहुणा आपल्या दारी येऊन सुखरूप परत जाईपर्यंत त्याच्या जिवाची जोखीम यजमानावर असते, हा आपल्याकडील जुना धर्म आहे. किनाऱ्यावर हा धर्म नीट पाळला जातो काय, हा प्रश्न आज विचारावासा वाटतो. कारण या पाहुण्यांच्या सहलीतील सर्वांत आनंदाचा तास हाच सर्वांत धोक्याचा तास असतो. तो तास म्हणजे होडीतील फेरीचा.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग हाकेच्या अंतरावर दिसतो. दहा-पंधरा मिनिटांत होडी किल्ल्याला लागते. पण अनेकांना तेवढ्याने समाधान होत नाही. संपूर्ण कुटुंबासाठी वेगळी होडी ठरवून बेटाच्या तटाकाठाने हिंडावे, डॉल्फिन पाहावेत, देवबागेस कर्ली नदी समुद्रास मिळते तेथपर्यंत जावे, अशी हौस असते. या हौसेत गैर काही नाही. किंबहुना सिंधुदुर्गाचा खरा मोठेपणा पाण्यातून पाहिल्याशिवाय उमगतच नाही. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर या दुर्गाचा पाया घातला, तो जागा पारखून. बेटाभोवती पाण्याखाली दडलेल्या खडकांची अशी गुंफण आहे की वाट ठाऊक नसलेल्या शत्रूच्या गलबताने जवळ येण्याचे धाडस करू नये. तटाची वळणे आणि लाटांच्या वर उठणारे काळे कातळ होडीतून पाहताना, समुद्रावर ज्याची सत्ता त्याच्याच हाती किनारा, हे महाराजांचे धोरण शाळेतल्या दहा धड्यांनी कळणार नाही इतके स्पष्ट कळते.

मात्र ज्या खडकांनी शत्रूची गलबते रोखली, ते खडक आजही तेथेच आहेत. त्यांना मित्र आणि शत्रू असा भेद कळत नाही. तो भेद करणारा तांडेल लागतो, आणि त्याच्या शब्दाला मान देणारा प्रवासी लागतो.

येथेच अडचण सुरू होते. सुरतेहून येणारा मराठी पाहुणा तसा समुद्राच्या गावी राहतो, तरी त्याला समुद्राची ओळख नसते. सुरत हे एकेकाळचे नामांकित बंदर. पण ते बंदर तापीच्या मुखाशी, आणि पर्वत पाटियाची वस्ती बारडोलीच्या रस्त्यावर, समुद्रापासून दूर. खंभातच्या आखाताचा स्वभावही कोकणच्या समुद्राहून निराळा. तेथे भावनगरच्या बाजूस भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरांच्याही पुढे जातो. ओहोटीस चिखलाची मैदाने उघडी पडतात आणि गढूळ पाण्यात कोणास पोहण्याचा मोह होत नाही. डुमसच्या काळ्या वाळूवर भजी खाऊन परतणे, एवढाच काय तो तेथील अनेक कुटुंबांचा समुद्राशी संबंध. अशा माणसाला मालवणचे निळे, पारदर्शक पाणी सौम्य वाटते. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की पाणी कसे बदलते, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून जबाबदारीही आपली आहे.

दुसरी अडचण 'खासगी' या शब्दाची. पूर्ण होडीचे भाडे मोजले म्हणजे होडी आपली झाली, असे भाडेकरूला वाटते. मग किती माणसे बसवावयाची ते आम्ही ठरवू, जीवरक्षक जाकिटे छायाचित्रात वाईट दिसतात तेव्हा ती नकोत, सूर्यास्त पाहूनच परतू, अशी फर्माने सुटतात. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून होडीवालाही मान डोलावतो. सार्वजनिक फेरीत निदान चार अनोळखी माणसांची नजर असते. खासगी फेरीत तीही नसते. परंतु पैसे दिले म्हणून होडी तासाभरासाठी आपली होईल, समुद्र होत नाही. समुद्र कोणाचाच खासगी नसतो; आणि म्हणून समुद्रावरील कोणतीही फेरी खासगी मानता येणार नाही.

हे सर्व भीतीपोटी लिहिलेले नाही. गेल्या काही वर्षांचा हिशेब डोळ्यांसमोर आहे. 24 मे 2022 रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून दोघांचा अंत झाला. पावसाळ्यासाठी जलवाहतूक बंद होण्यास तेव्हा दोन-तीन दिवसच उरले होते. 7 मे 2023 रोजी केरळात तानूर येथे 22 जण बुडाले. ती मासेमारीच्या होडीत फेरफार करून बनविलेली दुमजली नौका होती आणि अंधार पडू लागला असताना ती निघाली होती. 18 जानेवारी 2024 रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. तो तर समुद्रही नव्हता, शहरातील तळे होते. पण होडीत क्षमतेपेक्षा अधिक जण होते आणि अनेकांच्या अंगावर जाकीट नव्हते. त्याच वर्षी 18 डिसेंबरला मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या नौकेवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जणांचे प्राण गेले. त्या टकरीचा दोष 'नीलकमल'कडे नव्हता, हे खरे. परंतु 84 प्रवाशांचा परवाना असलेल्या त्या नौकेवर शंभराहून अधिक माणसे होती, हेही खरे. आठवडाभरातच, नाताळच्या दिवशी, गोव्यात कळंगुटजवळ पर्यटकांची होडी उलटली आणि एकाचा बळी गेला.

या घटनांची ठिकाणे वेगळी आहेत, कारणेही सर्वस्वी एक नाहीत. पण बहुतेकींत एकच सूत्र आढळते. थोडाच वेळ जावयाचे आहे, किनारा समोर दिसतो आहे, मग काय होणार, हा समज. दूरच्या सफरीवर निघणारा माणूस तयारी करतो. जवळच्या फेरीवर निघणारा ती करीत नाही. वस्तुतः बुडावयास फार मोठे अंतर लागत नाही.

जुन्या पिढीला याचा धडा फार पूर्वी मिळाला आहे. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, 'रामदास' आगबोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पलीकडचा किनारा म्हणजे नेहमीचा, रोजच्या ये-जा करण्याचा. वाटेत वादळी लाटेने आगबोट कलली, उतारू घाबरून एका बाजूस धावले आणि पाहता पाहता सहाशेहून अधिक माणसे समुद्राने गिळली. आगबोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबईला बातमी कळावयास कित्येक तास लागले. त्या दिवशी रेवसच्या बाजूने मासळी घेऊन येणाऱ्या कोळी बांधवांनी होड्यांतील मासळी पाण्यात फेकून जमतील तितकी माणसे वर ओढून घेतली. दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणाऱ्या त्या कोळ्यांना कोणी नियम शिकविला नव्हता. किनाऱ्याचा धर्म म्हणतात तो हाच.

'रामदास'ने शिकविलेल्या गोष्टी आजच्या लहान होडीलाही तंतोतंत लागू पडतात. पहिली, माणसे एका बाजूस धावली की नाव कलते. आज लाटेच्या भीतीने नव्हे, तर डॉल्फिन दिसला म्हणून किंवा छायाचित्र काढण्यासाठी सारे एका कडेला जातात, परिणाम तोच. वरच्या मजल्यावर किंवा टपावर माणसे बसवली की होडीचा भार उंच जातो आणि ती अधिक सहज उलटते. दुसरी, होडी उलटावयास मिनिटही लागत नाही. त्या अवधीत बाकाखाली बांधून ठेवलेले जाकीट सोडून अंगात घालणे अशक्य असते. जाकीट होडीत असणे आणि अंगावर असणे यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. तिसरी, किती माणसे पाण्यात गेली हे किनाऱ्यावर ठाऊक नसेल, तर किती शोधावयाची हेही ठाऊक नसते.

होडीवाल्यांवर खापर फोडून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. यांतील बहुतेक कालपर्यंत जाळे टाकणारे होते. मासळी आटली, डिझेल महागले, म्हणून त्यांनी होड्यांना बाके लावली. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत फेऱ्या बंद. उरलेल्या महिन्यांत, आणि त्यातही दिवाळी, नाताळ व मे महिन्याच्या गर्दीत वर्षाचे उत्पन्न मिळवावयाचे. त्यातून कर्जाचा हप्ता, मध्यस्थाची दलाली आणि शेजारच्या होडीने भाडे पाडले की आपणही पाडावयाचे, ही ओढाताण. अशा वेळी आणखी दोन माणसे बसविण्याचा मोह होतो. तो मोह एकट्याच्या सदसद्विवेकावर सोपवून चालणार नाही. व्यवस्थाच अशी हवी की मोहाला जागा राहू नये.

अशी व्यवस्था उभारणे अवघड नाही. लहान बंदरांचा कारभार राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात व गुजरातेत त्यासाठी सागरी मंडळे आहेत, गोव्यात बंदर कप्तानाचे खाते आहे. प्रत्येक होडीच्या बाजूवर तिची प्रवासीसंख्या लांबून वाचता येईल अशा अक्षरांत, मराठी आणि हिंदीबरोबर गुजरातीतही, रंगविलेली असावी. होडी सुटण्यापूर्वी माणसे मोजणारा मनुष्य होडीमालकाचा नसावा, आणि मोजलेल्यांची यादी धक्क्यावर राहावी. 'नीलकमल'नंतर गेटवेवर जाकिटांची सक्ती झाली. ती प्रत्येक धक्क्यावर हवी, आणि मुलांच्या मापाची जाकिटेही हवीत. फेऱ्या क्रमवारीने आणि ठरलेल्या दराने चालाव्यात, म्हणजे भाडे पाडण्याची स्पर्धा उरणार नाही. हवा बिघडली म्हणून तांडेलाने फेरी रद्द केली तर प्रवाशाचे पैसे परत मिळावेत, पण त्या दिवसाचा सगळा तोटा एकट्या तांडेलाच्या माथी येऊ नये. यासाठी सर्व होडीवाल्यांचा सामाईक निधी उभारता येईल. फेरी न नेण्याचा निर्णय परवडत असेल, तरच तो घेतला जातो. आणि धक्क्यावर एक बचाव नौका सदैव सज्ज असावी. या गोष्टींस मोठ्या प्रकल्पांइतका पैसा लागत नाही. लागते ती रोजची, न कंटाळता करावयाची देखरेख. आपल्या कारभारात नेमकी तीच दुर्मिळ असते. अपघात झाला की आठ दिवस तपासणी, पंधराव्या दिवशी ढिलाई आणि पुढील हंगामात पूर्वीचेच सारे, हा क्रम आता मोडला पाहिजे.

पाहुण्यांनीही आपला वाटा उचलावा. होडीत पाय ठेवण्यापूर्वी त्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. या होडीत किती माणसे बसावयाची परवानगी आहे? माझे आणि माझ्या मुलाचे जाकीट कोठे आहे? आम्ही निघालो आहोत हे किनाऱ्यावर कोणाला ठाऊक आहे? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर किल्ला तटावरून पाहावा, फेरी पुढील वर्षी करावी. आणि तांडेल 'आज पाणी बरे नाही' म्हणाला, तर पैशाचा जोर दाखवून त्याला उठवू नये. तो समुद्राची भाषा जाणतो.

वर्षभर मागावर उभे राहून मिळविलेल्या पैशातून जे कुटुंब पर्वत पाटियाहून निघून सिंधुदुर्गाच्या पायथ्याशी पोहोचते, ते श्रद्धेने आलेले असते. ज्या राजाने समुद्रावर हुकमत बसविण्यासाठी आधी समुद्राचा अभ्यास केला, त्याच्या दुर्गाभोवती पर्यटकांची होडी मोजणीशिवाय आणि जाकिटांशिवाय फिरावी, हे किनाऱ्याला शोभणारे नाही. हंगामात धक्क्याधक्क्यांवर पुन्हा गर्दी होणार आहे. त्या गर्दीतील प्रत्येक होडी सुटण्यापूर्वी मोजली गेली पाहिजे, आणि परतल्यावर तीच संख्या पुन्हा मोजली गेली पाहिजे. दोन्ही आकडे रोज जुळत राहिले, तरच यजमानधर्म पाळला असे किनाऱ्याला म्हणता येईल.