तीन गोळ्यांचे प्रमाणपत्र

अमेरिकेत शरद ऋतू जवळ आला की गावोगावच्या नेमबाजी मैदानांवर गर्दी वाढू लागते. हरणांच्या शिकारीचा परवानगीचा हंगाम तोंडावर आलेला असतो आणि वर्षभर कपाटात पडलेली रायफल तपासून घ्यायची असते. काहींच्या हातात दुकानातून नुकतीच आणलेली कोरी बोल्ट-अॅक्शन रायफल असते. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर काढायचे आणि पुढे ढकलून नवे आत घ्यायचे, अशी ही जुनी, साधी आणि भरवशाची रचना. शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, कागद लावलेला असतो. तीन गोळ्या झाडल्या जातात आणि सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधले अंतर मोजले जाते. ते इंचाच्या आत आले तर कागदाचा फोटो मित्रांना जातो. दीड इंच आले तर मालक नवी नळी, नवा दस्ता, नवा चाप यांच्या किमती पाहत घरी परततो.

हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. कारखान्यातून आलेली रायफल किती अचूक आहे आणि ती आणखी अचूक कशी करावी, या प्रश्नावर दरवर्षी भरपूर पैसा खर्च होतो. त्यातला बराचसा खर्च यांत्रिक दोषावर होत नाही. मोजमापाच्या चुकीवर होतो. आणि ही चूक बंदूकवाल्यांपुरती मर्यादित नाही.

आधी त्या इंचाविषयी. एका अंशाचे साठ भाग केले की प्रत्येक भागाला कोनाचे एक मिनिट म्हणतात. शंभर यार्डांवर हा कोन १.०४७ इंच, म्हणजे २.६६ सेंटिमीटर रुंदी व्यापतो. योगायोगाने हा आकडा एक इंचाच्या इतका जवळ आहे, की 'इंचाच्या आत' हे चांगल्या रायफलीचे लक्षण ठरून गेले. आज तर कंपन्या त्याची हमी देतात. अमेरिकेतल्या वेदरबी कंपनीने आपल्या रायफलींसाठी चांगल्या प्रतीची काडतुसे वापरल्यास शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचाच्या आत पडतील अशी हमी दिली. फिनलंडच्या साकोची हमी पाच गोळ्यांची. वाचणाऱ्याला वाटते, दोन्हीकडे इंच तो इंचच. पण तीन गोळ्यांचा इंच आणि पाच गोळ्यांचा इंच एकसारखे नसतात. ते का, ते पुढे येईलच.

कारखान्यातल्या रायफली खरोखर सुधारल्या आहेत, हे मात्र मान्य करायला हवे. १९५८ साली सॅव्हेज कंपनीची ११० ही रायफल बाजारात आली. तिची नळी एका मोठ्या नटाने जागेवर घट्ट केली जाते. त्यामुळे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा हवी तितकी नेमकी ठेवणे, कुशल कारागिराच्या हाताने घासत बसण्यापेक्षा, सोपे आणि स्वस्त झाले. पुढे संगणकावर चालणारी यंत्रे आली आणि सुट्या भागांच्या मापातला फरक आणखी कमी झाला. म्हणून आज मध्यम किमतीची रायफलही खोक्यातून काढल्याबरोबर चांगला नेम धरते. प्रश्न आहे तो 'चांगला' हे ठरवायचे कसे, याचा.

याचा पद्धतशीर शोध घेणाऱ्यांत एक डॉक्टर होते, ही या विषयातली गमतीची बाब. मॅसॅच्युसेट्समधले फ्रँकलिन मॅन हे वैद्यकीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांचे गोळीच्या उड्डाणावरचे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाचा हात, श्वास आणि डोळा यांची चूक वगळता यावी म्हणून त्यांनी जमिनीत पक्का बसवलेला काँक्रीटचा खांब उभारला, त्यावर नळी घट्ट टेकवली आणि वर्षानुवर्षे गोळ्या झाडून नोंदी ठेवल्या. मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्याही झाडून पाहिल्या. टोकाला दुखापत झालेली गोळी फारशी भरकटत नाही, बुडाला झालेली इजा मात्र तिला वाट चुकवते, असे त्यांना दिसले. मॅन यांचे मोठेपण निष्कर्षाइतकेच सवयीत होते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुरेशा गोळ्या झाडल्याशिवाय बोलायचे नाही.

त्याच सुमारास, १९०८ मध्ये, डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणारे विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने एक निबंध छापला. मोजक्या नमुन्यांवरून काढलेल्या सरासरीवर किती विश्वास ठेवावा, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तराचा मथितार्थ असा, की नमुने थोडे असतील तर आपल्याला वाटते त्याहून कितीतरी सावध राहावे. वैद्यकशास्त्राने हा धडा पुढे गिरवला. मैदानावरच्या शिकाऱ्यापर्यंत तो अजून पोचायचा आहे.

हिशेब करून पाहू. एका रायफलीचा तीन गोळ्यांचा गट सरासरी एक इंचाचा येतो असे धरू. बंदूक तीच, काडतूस तेच, हातही तोच. तरीही निव्वळ योगायोगाने दहांतला साधारण एक गट अर्ध्या इंचाच्या आसपास किंवा त्याहून लहान येईल आणि साधारण एक दीड इंचाच्या वर जाईल. पहिला कागद मालक पाकिटात जपून ठेवतो, दुसरा 'आज हात बरोबर नव्हता' म्हणून फाडून टाकतो. आता त्याच रायफलीतून तीनऐवजी पाच गोळ्या झाडल्या तर गटाची सरासरी सुमारे सव्वा इंच होते आणि दहा झाडल्या तर सुमारे १.६ इंच. रायफल बिघडलेली नसते. गोळ्या वाढल्या की एखादी तरी लांब पडण्याची संधी वाढते, इतकेच. म्हणूनच पाच गोळ्यांची हमी तीन गोळ्यांच्या हमीपेक्षा अवघड.

याची दुसरी बाजूही पाहा. जिची तीन गोळ्यांची सरासरी १.२ इंच आहे अशी रायफलही अंदाजे तीन प्रयत्नांत एकदा इंचाच्या आतला गट देते. चार-पाच गट झाडून त्यातला सर्वांत सुंदर कागद दाखवायचा ठरवला, तर जवळजवळ प्रत्येक रायफल हमीला उतरते.

खरा घोटाळा सुधारणेच्या वेळी होतो. रायफलीने एक वाईट, दीड इंचाचा गट दिला. मालकाने दस्त्याचे स्क्रू बदलले, किंवा नळी खास रसायनाने धुतली, किंवा नवा चाप बसवला. पुन्हा तीन गोळ्या झाडल्या आणि गट आला एक इंचाचा. गुण आला! पण काहीही न करता पुन्हा तीन गोळ्या झाडल्या असत्या, तरी अशा वाईट गटानंतरचा गट दहांत नऊ वेळा लहानच आला असता. फार वाईटानंतर बहुधा सरासरीच्या जवळचे येते, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांवरून दाखवले होते. सर्दी सर्वांत जास्त झालेल्या दिवशी माणूस काढा पितो आणि तिसऱ्या दिवशी बरे वाटले की श्रेय काढ्याला देतो. कंबर अगदी धरली की तेल चोळले जाते आणि उतार तेलाच्या नावावर जमा होतो. काढा आणि तेल निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. एवढ्या पुराव्यावरून ते उपयोगी ठरत नाहीत, इतकाच अर्थ.

डॉक्टर एका मोजणीवरून रक्तदाबाची कायमची गोळी सुरू करत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात, घरच्या नोंदी मागतात, मग ठरवतात. रायफलीला निदान तेवढा न्याय तरी मिळायला हवा.

मग करावे काय? पहिला उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी आकर्षक आहे: काडतूस बदलून पाहणे. झाडली जाताना नळी तारेसारखी थरथरते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड नेमके कुठे आहे, हे गोळीचे वजन, वेग आणि दारूच्या सारखेपणावर अवलंबून असते. नळीच्या आतले मळसूत्री आटे किती अंतरात एक फेरा घेतात, यावर तिला कोणत्या लांबीची गोळी मानवेल हे ठरते. त्यामुळे एकाच कारखान्यातल्या दोन सारख्या रायफलींची आवड वेगवेगळी निघू शकते. तीन-चार प्रकारची काडतुसे, प्रत्येकी किमान दहा गोळ्या झाडून, पाहिल्याशिवाय रायफलीला नाव ठेवू नये.

दुसरा उपाय स्क्रूंचा. दस्ता आणि दुर्बीण यांचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या ताकदीने आवळलेले आहेत का, हे मोजपट्टी असलेल्या पान्याने तपासता येते. ढिली दुर्बीण ही 'बिघडलेल्या' रायफलीची फार नेहमीची कहाणी आहे. तिसरी गोष्ट, नळी आणि दस्ता यांच्यातली फट. नळी दस्त्याला कुठेही टेकू नये. कागदाचा तुकडा दोघांमधून सहज सरकला पाहिजे. लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो, पावसाळ्यात दार चौकटीत अडकते तसाच, आणि नळीला एका बाजूने रेटू लागतो. दस्त्याच्या आत जिथे रायफलीचा सांगाडा बसतो तिथे इपॉक्सीचा थर देऊन बैठक पक्की करणे हा चौथा आणि खरोखर उपयोगी पडणारा उपाय. नळीच्या तोंडाची कड दुखावली असेल तर ती नीट करून घेणे हा पाचवा. ही कामे जाणत्या कारागिराकडूनच व्हावीत. चापाशी घरी खेळ तर कधीच करू नये. बारीक नळीच्या शिकारी रायफलीला दोन गोळ्यांमध्ये थंड व्हायला वेळ देणे, हा उपाय तर फुकटचा.

सहावी दुरुस्ती रायफलीबाहेरची आहे. धक्क्याच्या आणि आवाजाच्या धास्तीने चाप दाबता दाबता डोळे मिटतात, खांदा आखडतो. मित्राने गुपचूप मध्येच एखादे नकली काडतूस भरले की गोळी न सुटताही बंदुकीचे तोंड खाली झुकताना दिसते आणि दोष कुणाचा ते कळते. शिकारीच्या रायफलीचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो, तर १४० च्या वरच्या क्षणिक आवाजानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. कानांना संरक्षण नसेल तर नेमही जातो आणि श्रवणशक्तीही.

'एवढा काटेकोरपणा खेळापुरता ठीक, शिकाऱ्याला त्याचे काय?' असा आक्षेप येतो, आणि तो अर्धा खरा आहे. हरणाच्या काळीज-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा. शंभर यार्डांवर एक इंच आणि दीड इंच यांत त्याला काही फरक पडत नाही. म्हणजे त्या फरकासाठी केलेला मोठा खर्च मुळातच अनावश्यक ठरतो. आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र चुकतो. पाकिटातला अर्ध्या इंचाचा कागद माणसाला भलता धीर देतो. तो चारशे यार्डांवर, वाऱ्यात, दमलेल्या श्वासाने गोळी झाडतो. तिथे मरते ते हरीण नव्हे; ते जखमी होऊन झाडीत नाहीसे होते. मोजमापातल्या चुकीची किंमत प्राणी मोजतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरला नाही, पण खेळाचा आहे, आणि त्यात कोल्हापूरचे नाव मोठे आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. तिथे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. या पातळीवरचे नेमबाज काडतुसांच्या नावावर विसंबत नाहीत. एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे साठे आपल्या नळीतून झाडून पाहतात. त्यासाठी इंग्लंडमध्ये एलीची आणि जर्मनीत लापुआची चाचणी केंद्रे आहेत. तिथे रायफल पकडीत घट्ट बसवतात आणि साठ्यामागून साठा तपासतात. मॅन यांच्या काँक्रीटच्या खांबाचाच हा वारसा.

कंपन्यांनी हमी द्यावी, पण तीन गोळ्यांच्या एका गटाची नको. दहा गोळ्यांच्या अनेक गटांची सरासरी छापावी आणि सर्वांत वाईट गटही सोबत द्यावा. रायफलींची परीक्षणे लिहिणाऱ्यांनी फाडून टाकलेले कागदही मोजावेत. विकत घेणाऱ्याने दुरुस्तीला हात घालण्याआधी काहीच न बदलता पुन्हा दहा गोळ्या झाडाव्यात. काडतुसांचा एक खोका फार तर संपेल. नव्या नळीच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही, आणि बहुतेकदा रायफलीला काही झालेच नव्हते, हे त्यातूनच कळेल.