उंदराची हताशा आणि माणसाचे औषध

इन्सुली (ता. सावंतवाडी) : २०१७ साली बांदा परिसरात माकडतापाची साथ आली, तेव्हा इन्सुलीसह या साऱ्या पट्ट्यात काजूच्या बागेत पाऊल टाकतानाही लोकांच्या मनात धास्ती होती. या तापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात सापडला. तो वेगळा करण्याच्या कामी प्रयोगशाळेतील पांढरे उंदीरच उपयोगी पडले. ज्याने तो ताप घरात पाहिला आहे, तो उंदरांवरील प्रयोगांना सरसकट नावे ठेवणार नाही.

ख्रिस्तसभाही ठेवीत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४१७ व्या परिच्छेदानुसार मानवी प्राण वाचविण्यास साह्यभूत होणारे प्राण्यांवरील प्रयोग वाजवी मर्यादेत नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहेत. लगेच पुढील परिच्छेद सांगतो की, प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभणारे नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात याच शिकवणीची आठवण करून दिली.

परंतु यातना ‘विनाकारण’ कधी ठरते? रोगजंतूंच्या संशोधनात उत्तर बहुधा सोपे असते. उंदराच्या वागण्यावरून माणसाच्या मनाचा अंदाज बांधणाऱ्या चाचण्यांत ते अवघड होते.

यांपैकी सर्वांत वादग्रस्त चाचणी म्हणजे १९७७ साली रॉजर पोर्सोल्ट यांनी मांडलेली सक्तीच्या पोहण्याची चाचणी. पाण्याने भरलेल्या काचेच्या उंच नळकांड्यात उंदीर सोडतात. बाहेर पडण्याची सोय नसते. प्रथम तो धडपडतो, मग केवळ डोके वर राहील इतपतच हालचाल करीत तरंगतो. हे तरंगणे म्हणजे हताशा, असा अर्थ लावला गेला, आणि औषध दिल्यावर उंदीर अधिक वेळ धडपडला, तर ते नैराश्यावर गुणकारी असावे असे मानले गेले. वास्तविक सुटका नाही हे कळल्यावर शक्ती राखून ठेवणे हे शहाणपणही असू शकेल. शिवाय नैराश्यावरील औषधांचा गुण माणसात यायला काही आठवडे लागतात. येथे तो काही तासांतच दिसतो.

विश्वासार्हतेचा प्रश्न याहूनही खोल आहे. १९९९ मध्ये पोर्टलंड, ऑल्बनी आणि एडमंटन येथील तीन प्रयोगशाळांनी एकाच वंशाचे उंदीर, तेच वय, तेच खाद्य, तीच पद्धत ठेवून वर्तनाच्या चाचण्या केल्या. तरीही काही चाचण्यांचे निष्कर्ष प्रयोगशाळेनुसार बदलले. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांना आढळले की, प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची लक्षणे कमी दिसतात. संशोधकाच्या सदऱ्याच्या वासाने जिथे उत्तर हलते, तिथे औषधाचा गुण कोणता आणि सदऱ्याचा कोणता?

म्हणूनच आमच्या मते विश्वासार्हता ही केवळ शास्त्रज्ञांपुरती बाब नाही. ज्या चाचणीतून खात्रीचे काही कळत नाही, तिच्यातील यातना विनाकारणच होय. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०२४ मध्ये ही चाचणी कायद्याने बंद केली. ब्रिटनच्या सरकारनेही त्याच वर्षी ती संपविण्याचा मानस जाहीर केला. मात्र यावरून कोणी स्वतःची वा घरच्यांची नैराश्यावरील गोळी बंद करू नये. ती औषधे बाजारात येण्यापूर्वी माणसांवरही तपासली जातात.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, पर्यायी मार्ग असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावयाचे आहेत. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांनाही मान्यता मिळाली. आपल्या भागातील अनेक तरुण-तरुणी औषधनिर्माणशास्त्र शिकतात, सीमा ओलांडून गोव्यातील औषध कारखान्यांत नोकरीला जातात. त्यांना हे ठाऊक असावे. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या नीतिसमितीत शास्त्रज्ञ नसलेला, समाजाचे भान असलेला एक सदस्यही असतो. ही जागा शिक्षक, वकील वा धर्मभगिनीही भूषवू शकते, आणि ‘या चाचणीतून माणसाविषयी नेमके काय कळणार?’ हे संशोधकास मंजुरीपूर्वी विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.