बॅटरीची काळी पावडर, खताचं दुकान आणि आपली कृष्णा

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण सवडीने वाचा. विषय आपल्या पाण्याचा आहे.

उंब्रजमधल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा आणि दोन वस्तू मागा. एक, ड्रिपमधून सोडतो ते १२:६१:००. दुसरी, उसावर केवडा दिसला की देतो ते फेरस सल्फेट, जुन्या लोकांचं हिराकस. तिसरी वस्तू किराणा दुकानात मिळेल, साखर. ई-बस, ई-रिक्षा आणि सोलरच्या बॅटरीत जी लिथियम आयर्न फॉस्फेटची काळी पावडर असते, तिच्यातलं फॉस्फरस, लोखंड आणि वरचा कार्बनचा थर याच जातीच्या मालातून येतो. (कारखान्याला लागणारा माल खतापेक्षा कितीतरी शुद्ध असतो. पोती फोडून घरी प्रयोग करू नका.) चौथी वस्तू लिथियम. ती बाहेरूनच आणावी लागते.

चारातल्या तीन वस्तू ओळखीच्या, आणि तरी ही पावडर जगात जवळजवळ सगळी चीनमध्ये बनते. का?

"लई अवघड तंत्रज्ञान असतंय ते" हे उत्तर मला मान्य नाही. ही पावडर बॅटरीत चालते हे जगाला कळलं १९९७ साली, टेक्सासमधल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून. त्या शोधनिबंधावर पहिली दोन नावं आहेत पाढी आणि नंजुंदस्वामी. नोबेलवाले गुडइनफ तिसरे. मूळ पेटंटं २०२२ पर्यंत संपली. म्हणजे डोकी आपली होती, कुलूपही निघालं, आणि आपण मात्र तयार सेल आणून डब्यात भरतो आणि त्याला "मेड इन इंडिया" म्हणतो. केंद्राने २०२१ मध्ये बॅटरीसाठी १८,१०० कोटींची योजना काढली, ५० गिगावॉट-तासांचं लक्ष्य ठेवलं. पैसे सेल बनवणाऱ्याला. आतली पावडर बनवणाऱ्याला थेट काही नाही. सेलच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा या पावडरीचाच असतो, हे योजना लिहिणाऱ्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं?

जुलै २०२५ मध्ये चीनने ही पावडर बनवायचं तंत्रच परवान्याशिवाय बाहेर द्यायला बंदी घातली. त्याच वर्षी विद्राव्य खतांचा मालही आपल्याकडे येताना अडवला. फॉस्फेटसाठी शेतकरी आणि बॅटरीवाला आता एकाच रांगेत उभे आहेत आणि रांगेची दोरी दुसऱ्याच्या हातात आहे.

म्हणून कोणी उद्या भाषणात म्हणाला की आपल्या भागात बॅटरीचा कारखाना आणू, तर मी विरोध करणार नाही. पण टाळ्याही वाजवणार नाही. आधी एकच विचारणार: साहेब, पद्धत कुठली?

कारण सगळी गोम तिथं आहे. फेरस सल्फेटपासून ही पावडर करायची जुनी रीत अशी: ते पाण्यात विरघळवायचं, फॉस्फेट आणि अमोनिया घालून आयर्न फॉस्फेटचा साका खाली बसवायचा, तो धुवायचा, मग लिथियम कार्बोनेट आणि साखर मिसळून नायट्रोजनमध्ये ७०० अंशांच्या आसपास भाजायचा. पावडर झाली. पण सल्फेट गेलं कुठं? पाण्यात, अमोनियम सल्फेट होऊन. नुसता रसायनाचा हिशेब मांडला तरी एक टन पावडरीमागे सुमारे ८४० किलो. महागड्या गाड्यांतल्या निकेल-कोबाल्टच्या पावडरीचं याहून वाईट. तिथं कॉस्टिक वापरतात आणि टनामागे दीड टनाच्या आसपास सोडियम सल्फेट निघतं. हे क्षार साध्या ईटीपीत मरत नाहीत. तिथले जिवाणू मळी खातात, मीठ खात नाहीत. पाणी आटवून क्षार वेगळे काढता येतात, अमोनियम सल्फेट तर खत म्हणून विकताही येतं. पण आटवायला वाफ लागते, वाफेला पैसा लागतो, आणि पैसा वाचवायचा असला की रात्रीचा ओढा फार जवळ असतो.

आपल्याला हे कोणी शिकवायला नको. तारळी आपल्या गावातच कृष्णेला मिळते. तासवडे एमआयडीसी इथून हाकेच्या अंतरावर. खाली कराड, मग वाळवा, मग सांगली. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ नदीत माशांचा खच पडला होता, तो सगळ्यांनी फोटोत बघितलाय. वाळवा-मिरजेकडं क्षारपड जमिनी किती आहेत, तिकडच्या पाव्हण्यांना विचारा. त्या नदीत आणखी मीठ सोडायचं आणि वर त्याला हरित ऊर्जा म्हणायचं? पुण्या-मुंबईची हवा स्वच्छ, आणि गाळ आमच्या पाटात. हे चालणार नाही.

आता कोणी म्हणेल, विकास पाहिजे तर थोडं सोसावं लागतंय. नाही लागत. दुसरी पद्धत आहे. सल्फेटऐवजी सरळ लोखंडाची भुकटी घ्या. सल्फेट आत गेलंच नाही तर बाहेर कुठून येणार? कॅनडात क्यूबेकमधल्या कॅन्डियाकला नॅनो वन नावाची कंपनी या धर्तीवर काम करते. धुणं नाही, सल्फेटचं पाणी नाही, टप्पे कमी, म्हणून खर्चही कमी हा त्यांचा दावा. हॅलिफॅक्सच्या संशोधकांनी तर निकेलच्या पावडरीसाठी कोरडी पद्धत करून दाखवली, धातूंचा माल आणि लिथियमचा क्षार दळा, भाजा, संपलं. आणि परदेशात कशाला, हैदराबादच्या एआरसीआय या सरकारी संस्थेने लिथियम आयर्न फॉस्फेटचं स्वतःचं तंत्र करून ऑल्टमिन कंपनीला दिलंय. पुण्यात पाषाणला सी-मेट बॅटरीच्या मालावर वर्षानुवर्षे काम करते. आयसर पुणे आणि केपीआयटीने २०२३ च्या डिसेंबरात सोडियमची बॅटरी दाखवली, तिला लिथियमच लागत नाही. उंब्रजहून पुणे तीन-साडेतीन तास. आपल्या किती पुढाऱ्यांनी यातल्या एकाही दारात पाय ठेवलाय?

कोरड्या पद्धतीतही फुकट काही नाही, हेही सांगतो. भट्टीला वीज लागते, बारीक धूळ उडते, लोखंडाची भुकटी शुद्ध मिळवावी लागते. पण धूळ फिल्टरमध्ये अडते. नदीत गेलेलं मीठ परत काढता येत नाही.

आणि "लिथियम म्हणजे विष, नकोच इकडं" म्हणणाऱ्या मित्रांना: मग आपली पोरं पुण्यात चाकणला दुसऱ्याचे डबे जोडत बसतील, १२ तासांची शिफ्ट, कॉट बेसिसवर मुक्काम. केमिस्ट्री शिकलेली पोरं कराड-साताऱ्याच्या कॉलेजांतून दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना काम कुठं देणार, तेही सांगा.

येत्या निवडणुकीत मत मागायला जो येईल त्याला दारातच तीन गोष्टी विचारा. कारखान्यात सल्फेट वापरणार की धातू. टनामागे पाणी किती घेणार आणि किती सोडणार, लेखी. आणि नदीत पाणी सोडायचंच असेल तर त्याच्या क्षारांचा मीटर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावणार का, रोज दिसेल असा.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आकडे घेऊन या.