‘अ‍ॅटॅकने गेला’ म्हणण्याआधी

‘पा’ चित्रपटातला ऑरो अनेकांना आठवत असेल. त्याला झालेला प्रोजेरिया, म्हणजे अकाली म्हातारपण, एलएमएनए या जनुकातील बिघाडाने येतो, हे २००३ मध्ये कळले. प्रोजेरिया अतिदुर्मीळ आहे. पण याच जनुकातले वेगळे बिघाड तिशी-चाळिशीतल्या माणसाचे हृदय निकामी करू शकतात आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष नाही.

हे जनुक लॅमिन नावाचे प्रथिन बनवते. पेशीच्या केंद्रकाची रुंदी मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी, आणि त्यात दोन मीटर डीएनए कोंबलेला. केंद्रकाच्या भिंतीला आतून लॅमिनची जाळी असते, रापणीच्या जाळ्यासारखी. या जाळीला चिकटलेली जनुके बहुधा गप्प असतात. यकृताच्या आणि हृदयाच्या पेशीत डीएनए एकच. कोणते जनुक कुठे गप्प ठेवले, यावर पेशीचे काम ठरते.

केंद्रकात ठिपक्यांसारखे पुंजकेही दिसतात. जनुकाची कच्ची नक्कल कापून-जोडून वापरण्याजोगी करणारी प्रथिने तिथे साठलेली असतात. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत डॉ. वीणा परनाईक यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये दाखवले की, याच ठिपक्यांत लॅमिनही असते. म्हणजे लॅमिन नुसते भिंतीचे काम करत नाही, आतल्या कारभारातही त्याचा हात दिसतो. बिघडलेल्या लॅमिनमुळे सतत आकुंचन पावणाऱ्या पेशी फाटतात म्हणून हृदय खचते, की जनुकांचा कारभार विस्कटतो म्हणून, हा वाद अजून मिटलेला नाही. मला दोन्ही खरे वाटते.

रुग्णाच्या बाबतीत घडते ते असे. आधी ईसीजीत हृदयातला विद्युतप्रवाह मंदावलेला दिसतो, म्हणजे हार्ट ब्लॉक. चक्कर येते, पेसमेकर बसतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण पेसमेकर मंद ठोके सावरतो. जीवघेणी वेगवान लय तो थांबवत नाही. त्यासाठी शॉक देणारे आयसीडी नावाचे वेगळे यंत्र लागते. निदान माहीत असेल तरच ते आधी बसवण्याचा विचार होतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की पन्नाशीच्या आत कारण न सापडलेला हार्ट ब्लॉक आला, तर फक्त पेसमेकर बसवून फाइल बंद करू नये. (म्हाताऱ्या माणसातला ब्लॉक बहुतेकदा वयाचाच असतो, तिथे जनुकांच्या मागे लागायचे कारण नाही.) तीन पिढ्यांची चौकशी करावी. कोणाला पेसमेकर होता, कोण उभ्या उभ्या गेला, कोणाचे हातपाय हळूहळू लुळे पडले. बिघाड आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असेल, तर प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता निम्मी असते.

ईसीजी तालुक्याच्या रुग्णालयातही निघतो. जनुकीय चाचणीसाठी मात्र मुंबई-पुणे, आणि तिथला खर्च अनेक घरांना झेपत नाही. रुग्णाला पाठवण्याची गरजच काय? रक्ताची नळी प्रवास करू शकते. जिल्हा रुग्णालयातून नमुना सरकारी खर्चाने जावा आणि अहवाल इथेच समजावून सांगितला जावा, एवढी सोय आरोग्य विभागाने करायला हवी.

तोवर एक काम घरच्यांच्या हातात आहे. आपली निम्मी भावंडे मुंबईत, सगळी एकत्र येतात ती गणपतीला नाहीतर शिमग्याला. घरात असा तरुण मृत्यू किंवा पेसमेकर असेल, तर त्या चार दिवसांतली एक सकाळ सगळ्यांच्या ईसीजीसाठी काढा, आणि जुनी कागदपत्रे सोबत आणा.