गुन्हा विचारा, पण नेमका

शाळेत नोकरीला येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस-पडताळणी व्हावी, असे आपण संघटनांनी वारंवार म्हटले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडली आणि शासनाने तसा आदेश काढला. मागणी योग्यच. पण नोकरीच्या नमुन्यातला प्रश्न आपल्यापैकी किती जणींनी वाचला आहे? कधी अटक झाली का, कधी खटला चालला का. होय किंवा नाही.

बी.एड. झालेली एखादी मुलगी हंडा मोर्चात गेली, जमावबंदी मोडल्याचा गुन्हा दाखल झाला. तिचे ‘होय’ आणि लहान मुलीवर हात टाकणाऱ्याचे ‘होय’ कागदावर सारखेच. ‘नाही’ लिहावे, तर माहिती दडवली म्हणून नोकरी जाते. केंद्रीय विद्यालयातल्या एका शारीरिक शिक्षण शिक्षकाचे तेच झाले. नमुना इंग्रजीत होता, मी हिंदी माध्यमातला, असे तो म्हणत राहिला. खटलाही पुढे मागे घेतला गेला होता. तरी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सेवासमाप्ती कायम ठेवली. २०१६ मध्ये याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी थोडी वाट मोकळी केली: तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला असेल, तर मालकाने तिकडे दुर्लक्ष करावे. पण तेही त्याच्या मर्जीवर! संस्थाचालकांची मर्जी काय असते, हे शिक्षिकांना मी सांगायला नको.

मला जास्त सतावते ते वेगळेच. ज्याच्यावर गुन्हा नोंदवलाच गेला नाही, तो कोरा दाखला घेऊन येतो. शाळेची बदनामी नको म्हणून गुपचूप राजीनामा घ्यायचा, वर अनुभवाचा चांगला दाखला द्यायचा, की गुरुजी पुढच्या तालुक्यात रुजू. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ती किती जणांना झालेली आपण पाहिली?

म्हणून प्रश्न बदलायला हवा. मुलांवरील आणि स्त्रियांवरील अत्याचारांबाबत आरोपपत्र किंवा शिक्षा आहे का, एवढेच विचारावे. आंदोलनातले गुन्हे वगळावेत. आधीच्या शाळेत तक्रार होती का, चौकशी अर्धवट टाकून राजीनामा घेतला का, हे त्या संस्थेने सही-शिक्क्यानिशी कळवावे. नुसत्या आरोपावरून कुणाची भाकरी काढा, असे मी म्हणत नाही. उमेदवाराचे म्हणणे ऐकूनच निर्णय व्हावा.

२०२२ पासून शाळांमध्ये सखी-सावित्री समिती असायला हवी. आपापल्या गावच्या शाळेत जाऊन ती आहे का, आणि पडताळणीचे कागद तिच्यापुढे येतात का, एवढे विचारून या. पुढच्या बैठकीत त्यावरच बोलू.