आधी दिवे, मग चमक

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. नागपूरचं एक लग्न आटोपून मी आणि लेक रात्री रुआबांध्याला परत निघालो होतो. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता पाठ झालेला. देवरी मागे पडलं, बाघनदी ओलांडून छत्तीसगडात शिरलो. चिचोल्याच्या पुढे कुठेतरी रस्त्याच्या मधोमध चार गुरं बसलेली होती. या भागात रात्री गुरं डांबरावर येऊन बसतात, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मलाही होतं. तरी ती मला दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो. गाडी आडवी होत थांबली, पहिल्या गाईपासून हातभर अंतरावर. मागचा ट्रकवाला शिव्या घालत बाजूने निघून गेला.

लेक यंदा बारावीला आहे. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"दिसल्या. उशिरा दिसल्या," मी म्हटलं. उरलेला रस्ता चाळीसच्या वेगाने आलो.

सकाळी अंगणात उभा राहून गाडीकडे नीट पाहिलं. २००८ची लाल स्विफ्ट. कॅप्टन असताना कॅन्टीनमधून घेतलेली, पाच पोस्टिंग पाहिलेली. बॉनेट फिकट गुलाबी पडलेलं, वायपरखालचं काळं प्लास्टिक राखाडी, आणि दोन्ही हेडलाइट मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखे. हे एका रात्रीत झालं नव्हतं. मी रोज पाहत होतो, म्हणूनच मला दिसलं नव्हतं.

लाज वाटली ती दुसऱ्याच कारणाने. एनडीएतून बाहेर पडल्याला बावीस वर्षं झाली. या काळात जवानांना 'फर्स्ट परेड' या विषयावर मी किती वेळा व्याख्यान झोडलं असेल, याची गणती नाही. गाडी हलण्याआधी तेल, पाणी, हवा, दिवे. मुक्कामाला हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. दिवा फुटलेली जिप्सी एमटी पार्कच्या बाहेर काढू पाहणाऱ्या ड्रायव्हरला मी उभा केलेला आहे. आणि माझी स्वतःची गाडी, जिच्यात माझी मुलगी बसते, ती अशी.

आता मुद्द्याचं. जुनी गाडी घरी नीट करण्याबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं आहेत. एक म्हणतो, पंधरा वर्षं झाली, भंगारात द्या, नवी घ्या. दुसरा म्हणतो, जरा पॉलिश मारा, नवीसारखी दिसेल. माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. गाडीचं वय पाहू नका आणि चमकही पाहू नका, अवस्था पाहा. आणि ती अवस्था स्वतःच्या हाताने तपासा. त्यासाठी लागतात दोन रविवार.

फौजेत गेरू-चुन्याची एक परंपरा आहे, हे वाचकांतल्या माजी सैनिकांना सांगायला नको. इन्स्पेक्शन जवळ आलं की झाडांच्या बुंध्यांना, दगडांना, विटांना रंग. हलतं त्याला सॅल्यूट, हलत नाही त्याला पेंट, हा आपला जुना विनोद. पण त्याच फौजेने आपल्याला त्याच्या उलटही शिकवलं आहे. गाडीच्या हिरव्या रंगाला मुद्दाम चकाकी ठेवत नाहीत, कारण चकाकी दुरून दिसते. गाडी चालली पाहिजे, ही पहिली अट. मोटारगाडीच्या बाबतीत नागरी जीवनात आपण यातला नेमका गेरू-चुना उचलतो आणि फर्स्ट परेड विसरतो.

म्हणून मी क्रम ठरवला. आधी दिवे, मग रंग, शेवटी प्लास्टिक.

दिव्यांचं असं आहे. पूर्वी हेडलाइटची काच खरोखर काच असायची. दगडाने फुटायची, पण पिवळी पडत नसे. पुढे पॉलीकार्बोनेट आलं. हलकं, न फुटणारं, हव्या त्या आकारात ओतता येणारं. फक्त त्याला ऊन सोसत नाही. कारखान्यात त्यावर उन्हापासून राखणारा एक कडक थर दिलेला असतो. काही वर्षांनी तो थर जातो आणि खालचं प्लास्टिक पिवळं, धुरकट होत जातं. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८मध्ये असे दिवे तपासले, तेव्हा नव्या दिव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्के प्रकाश बाहेर पडत होता. घासून नीट केल्यावर तो साधारण ७० टक्क्यांवर आला. म्हणजे माझ्या गाईंचं गणित त्या रात्रीच्या आधीच ठरलेलं होतं.

शेजारचे काका स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, मराठी बोलता बोलता मध्येच छत्तीसगढीत शिरतात. ते टूथपेस्ट घेऊन आले. "हे घासा साहेब, आरशासारखं होईल." घासलं. झालंही. दोन आठवड्यांत पुन्हा होतं तसं. कोणी मच्छर पळवायचा स्प्रे मारायला सांगतो. त्यातली काही रसायनं प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतात, म्हणून क्षणभर काच स्वच्छ वाटते आणि पुढे आणखी बिघडते. दोन्ही उपाय म्हणजे गेरू-चुनाच. आणखी एक मोह म्हणजे जास्त वॅटचा बल्ब. माझ्या गाडीत ६०/५५ वॅटचा आहे. १००चा घातला तर उष्णतेने आतला रिफ्लेक्टर आणि वायरिंग भाजून निघते, समोरच्याचे डोळे दिपतात आणि ते नियमातही बसत नाही. खिडकीची काच मळकी असेल तर खोलीत मोठा बल्ब लावून अंगणात उजेड पडत नाही. आधी काच पुसावी लागते.

खरं काम असं. दिव्याच्या भोवती मास्किंग टेपचे दोन-तीन थर, नाहीतर बॉनेटच्या कडेचा रंग जातो. मग पाण्याने ओला ठेवून पॉलिश पेपर: १०००, मग २०००, मग ३०००. पहिल्या पेपरला पिवळं पाणी वाहतं. तोच मेलेला थर. ते पांढरं होईपर्यंत थांबायचं नाही. दर वेळी पेपर बदलला की घासायची दिशाही बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही हे कळतं. शेवटी रबिंग कंपाउंड. इथे बहुतेकजण थांबतात आणि चार-सहा महिन्यांत पुन्हा पिवळेपणा आला म्हणून नशिबाला बोल लावतात. जुना संरक्षक थर आपण घासून काढला. नवा दिला नाही तर दिवा उन्हात उघडाच उभा आहे. अतिनील किरणांपासून राखणारा क्लिअर कोट दिल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. तो फवारताना वारा नको, धूळ नको, आणि नंतर दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही.

दोन्ही दिव्यांना मला साडेतीन तास लागले. संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे लावले. लेक बाहेर आली, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे आपण इतके दिवस अंधारात फिरत होतो?" तिला उत्तर दिलं नाही.

रंगाची गोष्ट रुआबांध्यात थोडी वेगळी आहे. १९५९मध्ये पहिली भट्टी पेटली तेव्हापासून भिलाई लोखंडावर जगते. इथून देशभर रेल्वेचे रूळ जातात. हवेत, रस्त्यावर, रेल्वेमार्गाजवळ लोखंडाचे बारीक कण असतातच. ते रंगावर बसतात, दवाने गंजतात, आणि पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके उठतात. नुसत्या धुण्याने ते जात नाहीत. ओळखायचं कसं? गाडी धुऊन, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर कण रुतलेले आहेत. त्यांच्यावर तसंच पॉलिश घासलं तर तेच कण ओरखडे पाडतात. त्यासाठी क्ले बार मिळतो, मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा. साबणाच्या पाण्यावरून हलक्या हाताने फिरवला की कण उचलून घेतो. जमिनीवर पडला तर तो गोळा टाकून द्यायचा. खडा चिकटला असेल तर बॉनेटचं नुकसान आहे.

त्यानंतर कंपाउंड. आधी एका कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही, जुन्या ८००सारख्या गाड्यांत हे दिसतं. तिथे रंगच झिजतो, तेव्हा हात आवरता घ्या. फडकं पांढरं राहिलं तर वर पारदर्शक थर आहे. पण तोही साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून बारीक. दर पॉलिशला त्यातला थोडा जातो. पॉलिश म्हणजे रंगाला काही देणं नव्हे, त्यातून थोडं काढून घेणं आहे. म्हणून जे दर दोन महिन्यांनी हौसेने 'रबिंग' करून घेतात ते गाडीचं आयुष्य कमी करत असतात. सावलीत, गार पत्र्यावर, हात-दीड हाताचा चौकोन घेऊन, लहान लहान गोल. एनडीएत ड्रिलच्या बुटांच्या टोकावर पाण्याच्या थेंबाने पॉलिश चढवताना जसा हात फिरायचा, तसाच. त्यावर वॅक्स. वॅक्स महिना-दोन महिने टिकतं, आणि ते मात्र पुन्हा पुन्हा लावलं तरी नुकसान नाही.

बॉनेट पुन्हा लाल झालं. छत झालं नाही. जैसलमेरच्या पोस्टिंगला गाडी दोन वर्षं उघड्यावर होती. तिथल्या उन्हाने छतावरचा क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटला आहे. थरच उरला नसेल तर चमकवणार काय? तिथे घासणं थांबवायचं आणि डेंटर-पेंटरकडे जायचं, नाहीतर आहे तसं स्वीकारायचं. रंग बदलायचा नसेल तर आरसीचा प्रश्न येत नाही. बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. मी छत तसंच ठेवलं आहे.

काळ्या प्लास्टिकचं काम सोपं, आणि सगळ्यात फसवंही. डिझेल किंवा खोबरेल तेल चोळलं की लगेच काळंभोर दिसतं, धूळ धरतं आणि पहिल्या पावसात ओघळतं. साबणाने, मऊ ब्रशने जुनं वॅक्स आणि मळ काढा, पूर्ण वाळू द्या, मग प्लास्टिकसाठीचं ड्रेसिंग पातळ लावा. पॉलिश करताना या भागावर टेप लावायला विसरू नका. खरबरीत प्लास्टिकमध्ये शिरलेलं पांढरं वॅक्स काढणं म्हणजे शिक्षा आहे. सगळं मिळून माझा खर्च अडीच हजारांच्या आत राहिला. एका दुकानाने याच कामाचे अठरा हजार सांगितले होते, आणि त्यांच्या यादीत दिवे सगळ्यात शेवटी होते.

आता भंगारवाल्या मताबद्दल. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची तपासणी होते आणि पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते. १ एप्रिल २०२२पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५००० झालं. ते भरून माझी गाडी २०२८पर्यंत वैध आहे. तपासणी कडक असावी, याला माझा पाठिंबा आहे. उलट, पंधरा वर्षांची वाट का पाहायची? आठ वर्षांच्या गाडीचे दिवेही आंधळे असतात, आणि तिला कोणी विचारत नाही. वय ही सोयीची रेघ आहे. रस्त्यावर माणूस मरतो तो गाडीच्या वयाने नव्हे, तिच्या ब्रेकने, टायरने, दिव्याने.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. माझ्या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. चालकाची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती जुलै २०१९मध्ये. कितीही घासलं तरी या गोष्टी उगवत नाहीत. म्हणून दिवे नीट झाल्यावरही मी एक निर्णय घेतला: ही गाडी आता रात्री हायवेवर जाणार नाही. रुआबांधा ते सिव्हिक सेंटर, बाजार, लेकीचा क्लास, इतकीच तिची ड्यूटी. नागपूरला जायचं तर रेल्वे आहे. आठवणींसाठी गाडी जपावी. आठवणींच्या भरवशावर मुलांना तिच्यात बसवू नये.

माजी सैनिक वाचकांना एक विनंती. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी १९७१च्या ब्लॅकआउटमध्ये गाडीच्या दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला पाहिला असेल, कदाचित स्वतः रंगवलाही असेल. तेव्हा कारण होतं. आज तुमच्या पार्किंगमधल्या गाडीचे दिवे कोणाच्या हुकमाशिवाय तसे झाले असतील, आणि साठीनंतर आपल्या डोळ्यांनाही रात्री जास्त उजेड लागतो. आज संध्याकाळी खाली जा. गाडी भिंतीपासून दहा पावलांवर उभी करा, दिवे लावा, आणि भिंतीवरचा उजेड बघा. रविवारचं काम ठरवायला तेवढं पुरेसं आहे.

माझ्या घरी आता दर रविवारी सकाळी फर्स्ट परेड होते. तेल, पाणी, हवा, दिवे. हल्ली ती लेक घेते, आणि उत्तरं मी देतो.