जुने काठ, नवं विमान

जीर्ण झालेली पैठणी फेकून देणारी बाई मला अजून भेटायची आहे. मधलं कापड विरतं, घडीवर चिरतं, पण काठ आणि पदर तसेच झळकत असतात. मग आपण ते काठ अलगद उसवतो. नव्या साडीला लावतो, नाहीतर नातीचं परकर-पोलकं शिवतो. कापड आजचं, काठ आजीचे. लग्नकार्यात चार जणी हात लावून विचारतात, ‘‘अगं, हे कुठलं?’’ आणि आपण मान ताठ करून सांगतो, ‘‘आजीच्या पैठणीचं!’’

मैत्रिणींनो, मोठमोठ्या विमान कंपन्याही अगदी हेच करतात बरं का! विमान कोरं करकरीत, आजच्या काळातलं. पण त्यावर रंग आणि नक्षी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. याला रेट्रो रंगसंगती म्हणतात. जर्मनीच्या लुफ्तान्साने २०१५ साली आपल्या नव्या जम्बोला जुना निळा-पांढरा रंग दिला. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये शंभरी साजरी करताना चार विमानांना आपल्या आणि आपल्या पूर्वज कंपन्यांच्या जुन्या रंगात सजवलं. आपल्याकडे विस्तारा कंपनीने २०१८ साली एका एअरबसला १९४०च्या दशकातल्या टाटा एअरलाइन्सच्या विमानांचं रूप दिलं होतं. ती विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपल्या गावात अजून एस.टी. वेळेवर येत नाही, आणि ही बाई विमानाच्या रंगाच्या गोष्टी सांगतेय! पण जरा थांबा. विषय वाटतो तितका लांबचा नाही.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला एक नाद लागलाय. जे रंग कंपन्यांनी प्रत्यक्षात दिलेले नाहीत, तेही तो संगणकावर देऊन बघतो. मध्यंतरी सुटीत आला, तेव्हा म्हणाला, ‘‘मावशी, हे बघ, एअर इंडियाचं नवं ए-३५०, पण १९७१च्या वेषात!’’ बघितलं आणि खरंच हरखून गेले. प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगाची महिरप, राजस्थानातल्या हवेलीच्या झरोक्यासारखी. एका ओळीत झरोकेच झरोके. जणू राजवाडाच आकाशात निघालाय.

ही कल्पना काही त्याची नव्हे. १९७१ मध्ये एअर इंडियाने पहिलं जम्बो जेट आणलं, त्याचं नाव ‘सम्राट अशोक’. त्याच्या खिडक्यांना अशा महिरपी रंगवल्या होत्या आणि ‘आकाशातला राजवाडा’ अशीच त्याची जाहिरात झाली. (हेच विमान १ जानेवारी १९७८ला वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं आणि २१३ माणसं गेली. वयाने मोठ्या वाचक भगिनींना ती बातमी आठवत असेल.) त्याच्या आधीपासून, म्हणजे १९४६ पासून, कंपनीचा मिशीवाला महाराजा होताच. बॉबी कूका यांची कल्पना आणि उमेश राव यांची चित्रकला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये कंपनी पुन्हा टाटांकडे आली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा रंग जाहीर झाला. त्यातही खिडकीच्या त्या चौकटीचीच आठवण घेतलीय, पण फार पुसट. भाच्याचं म्हणणं, ‘‘जुनं जसंच्या तसं परत का आणत नाहीत?’’

जसंच्या तसं आणता येत नाही, हे त्याचं त्यालाच चित्र काढताना कळलं होतं. जम्बोच्या खिडक्यांचं अंतर वेगळं, नव्या विमानाचं वेगळं. नाकाचा उतार वेगळा, शेपटीची उंची वेगळी. आईचा ब्लाऊज लेकीच्या मापाला आणताना टाके उसवावेच लागतात ना, तसंच. अमेरिकन एअरलाइन्सची विमानं पूर्वी रंगाशिवाय, नुसत्या चकचकीत धातूची असायची. आता नवी मोठी विमानं बरीचशी कार्बनच्या धाग्यांच्या मिश्रणातून बनतात. ती भांड्यासारखी घासून चमकत नाहीत. म्हणून २०१३ साली त्या कंपनीला चंदेरी रंगच लावून घ्यावा लागला. थोडक्यात, जुनं नव्यावर आणायचं तर निवड करावी लागते. काय ठेवायचं, काय सोडायचं, हे कुणीतरी ठरवतं.

याच अमेरिकन कंपनीची एक गोष्ट मला फार आवडली. वेळोवेळी ज्या कंपन्या विलीन होत होत तिच्यात येऊन मिळाल्या, त्यांचे रंग पुसले गेले. पण टीडब्ल्यूए, पीएसए, पीडमॉन्ट, अलेघेनी अशा त्या जुन्या नावांची आणि रंगांची एकेक विमानं ताफ्यात मुद्दाम ठेवलेली आहेत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या आपल्यासारखीला हे लगेच कळतं. सासरी सगळं ठीक असलं तरी माहेरच्या नावाने कुणी हाक मारली की आत कुठेतरी हलतंच. ज्या माणसांनी तिथे उमेदीची वर्षं घातली, त्यांना ते विमान दिसलं की काय वाटत असेल!

म्हणजे जुन्या रंगाला माझा विरोध मुळीच नाही. पण त्या सुंदर महिरपींच्या आत कोण काम करत होतं आणि कुठल्या अटींवर, हे भाच्याच्या चित्रात दिसत नाही. ते मी त्याला सांगितलं आणि तुम्हालाही सांगते.

ज्या काळात ते आकाशातले राजवाडे उडत होते, त्या काळात एअर इंडियातल्या हवाई सुंदरीसाठी नियम असा होता : वय ३५ झालं की निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी, आणि पहिल्यांदा दिवस राहिले तरी घरी. यातलं जे आधी घडेल ते! पस्तिशीनंतर एकेक वर्ष करून पंचेचाळीसपर्यंत मुदत वाढवणं मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणारा पुरुष कर्मचारी मात्र ५८व्या वर्षापर्यंत निर्धास्त. प्रवाशांना नमस्कार करायला साडीतली हसरी बाई हवी, पण तिला संसार नको, मूल नको, वयही नको.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध न्यायालयात गेल्या. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिल्या गरोदरपणात नोकरी काढून घेणं हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, अशा अर्थाचे कडक शब्द वापरून ती अट रद्द केली. मॅनेजिंग डायरेक्टरची ती मनमानी मर्जीही रद्द केली. सगळंच काही मिळालं नाही. चार वर्षं लग्न न करण्याची अट न्यायालयाने योग्यच ठरवली, आणि बाईचं निवृत्तीचं वय पुरुषापेक्षा कमी असणं हा भेदभाव मानला नाही. पुढच्या लढाया पुढे चालूच राहिल्या. विमानात सुपरवायझरची जागा स्त्रियांनाही मिळू शकते, यावर शिक्कामोर्तब व्हायला २०११ साल उजाडलं.

आणि हे फक्त आपल्याकडेच असं नव्हतं. वर ज्या पीएसए कंपनीचं नाव आलं, तिच्या विमानांच्या नाकाखाली हसरं तोंड रंगवलेलं असे. आजच्या रेट्रो विमानावरही ते हसू आहे. बघून आपल्यालाही हसू येतं. पण त्याच काळात त्या कंपनीत विमानातल्या मुलींना अगदी तोकडे कपडे घालावे लागत, आणि तेच कंपनीचं आकर्षण म्हणून मिरवलं जाई. अमेरिकेत १९६०च्या दशकात कितीतरी कंपन्यांत लग्न झालं किंवा बत्तिशी उलटली की हवाई सुंदरीला निरोप मिळायचा. विमानाचं हसू रंगाचं होतं. तिला मात्र ते पगारासाठी रोज चेहऱ्यावर आणावं लागे.

आपल्या गावातही हे चालतंच की! आमच्या इथल्या एका संस्थेचा सुवर्णमहोत्सव झाला. ‘जुना काळ’ अशी कल्पना ठरली. बायकांना फर्मान निघालं : नऊवारी, नथ, अंबाडा आणि दारात अत्तर-गुलाबपाणी. पुरुष मंडळी रोजच्या शर्ट-पॅन्टमध्ये. म्हणजे जुना काळ जपायचा तो बायकांनी, पुरुषांनी नुसता बघायचा. कार्यक्रमात जुने फोटो लावले होते. छान होते. पण ज्या बाई तिथे तीस वर्षं राबल्या, ज्यांना बाळंतपणाच्या रजेसाठी तीनदा अर्ज करावा लागला, त्यांचा एकही फोटो नव्हता. त्या आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, ‘‘कसं वाटलं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘भिंतींना रंग बरा दिलाय गं.’’ बस्स, एवढंच.

कुणी म्हणेल, ‘‘अहो, रंगच तो! कौतुकाने बघावं नि सोडून द्यावं. प्रत्येक गोष्टीत बायकांचा प्रश्न कशाला आणायचा?’’ हा आक्षेप मी कैक वेळा ऐकलाय, विमानाच्या नाही तर इतर गोष्टींच्या संदर्भात. त्यावर माझं म्हणणं साधं आहे. रंग नुसता रंग असता, तर कंपन्यांनी त्यावर एवढा खर्च केला नसता. रंग बघून माणसाला वाटतं, ‘काय काळ होता तो!’ आणि त्या ‘काय काळ होता’मध्येच गोम असते. आज घराघरात मुलींना ऐकवलं जातं ना, ‘आमच्या वेळी बायका बघा कशा राहायच्या!’ तोही रेट्रो रंगच. आमच्या वेळी बायका कशा राहायच्या, ते त्या बायकांना विचारा. झरोक्याच्या बाहेरून राजवाडा दिसतो. आत काय होतं ते आतली सांगेल.

बरं, जुनं आणताना चांगली निवड करता येते, याचेही दाखले आहेत. एअर इंडिया एक्स्प्रेसने २०२३ पासून नव्या विमानांच्या शेपटीवर बांधणी, अजरख, पटोला, कांजीवरम अशा वस्त्रांची नक्षी काढायला सुरुवात केली. ती कला पिढ्यानपिढ्या घराघरातल्या बायकांच्याही हातांनी जगवली, हे आपल्याला सांगायला नको. त्याच वर्षी एअर इंडियाच्या नव्या गणवेशात साडी राहिली, पण हवी असेल तर तिच्यासोबत पॅन्ट घालायची मुभाही आली. साडी गेली नाही, सक्ती थोडी सैल झाली. मला हे आवडलं. हॉलंडच्या केएलएम कंपनीने तर आपल्या एमडी-११ विमानांना मेरी क्यूरी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मारिया माँटेसरी अशी स्त्रियांची नावं दिली होती. २०१४ पर्यंत ती उडत होती. आपल्या बालवाडीच्या भिंतीवरचं नाव तिकडे विमानाच्या नाकावर!

मग आपल्याकडे का नको? सौदामिनी देशमुख हे आपलं मराठी नाव. १९८५ साली त्यांनी कॅप्टन म्हणून कोलकाता ते सिल्चर विमान नेलं, तेव्हा त्यातले सगळे कर्मचारी स्त्रिया होत्या. सोबतीला वैमानिक निवेदिता भसीन. त्याच्या आधी, १९६६ मध्ये, दुर्बा बॅनर्जी इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक झाल्या. त्यांनी वाट पाडली, म्हणून आज भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत. जगाच्या सरासरीच्या हे कितीतरी पुढे. हाही जुनाच काळ आहे की! मग आठवण काढताना नेमका हाच का विसरायचा?

म्हणून माझं मत असं : एअर इंडियाने एखाद्या नव्या विमानाला जरूर त्या लाल महिरपी द्याव्यात. मी स्वतः मुंबईला जाऊन बघेन, भाच्याला घेऊन. पण त्या विमानाच्या नाकाजवळ एक नाव लिहावं. सौदामिनी देशमुखांचं लिहा, दुर्बा बॅनर्जींचं लिहा, किंवा ज्यांनी मूल आणि नोकरी दोन्ही मागायचं धाडस केलं त्या नर्गेश मिर्झांचं लिहा. सम्राटांची नावं बरीच झाली.

आणि आपल्या गावापुरतं, आपल्या हातात आहे ते आपण करू. शाळेची पन्नाशी, बँकेची पंचविशी, मंडळाची शंभरी येईल, तेव्हा सजावटीच्या समितीत एकीने तरी बसायचं. जुने फोटो मागवताना विचारायचं, ‘‘यात आपल्या बाया कुठे आहेत?’’ नऊवारी नेसायची असेल तर हौसेने नेसू, पण तुम्हीही धोतर नेसा म्हणावं. आणि मागच्या रांगेतल्या त्या बाईंना माईक देऊ. पाच मिनिटं पुरेत.